निर्वासित वसाहतींतील पर्माकल्चर आणि सामुदायिक बागा

युद्ध, छळ किंवा वांशिक हिंसाचार यांमुळे देश सोडावा लागलेल्या लोकांनी छावणीत, वसाहतीत किंवा आश्रयाच्या शहरात घराभोवतीच्या अथवा सामाईक जागेवर स्वतःचे अन्न पिकवावे, आणि ते पिकवताना तेथील माती, पाणी व झाडोरा टिकून राहावा, या हेतूने केल्या जाणाऱ्या कामांचा या नोंदीत विचार केला आहे. पर्माकल्चर म्हणजे निसर्गातील परस्परावलंबी रचना पाहून शेती, घर, पाणी आणि कचरा यांची एकत्र आखणी करण्याची पद्धत होय. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी ती 1970 च्या दशकात ऑस्ट्रेलियातील टास्मानियात विकसित केली आणि 1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पर्माकल्चर वन’ या पुस्तकातून ती सर्वत्र पोहोचली. निर्वासितांमध्ये तिचा प्रसार करणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातील शिक्षिका रोझमेरी मॉरो यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

या पद्धतीचा सारा भर दीर्घकाळावर, म्हणजे वर्षानुवर्षे फळणाऱ्या झाडांवर आणि हळूहळू कसदार होणाऱ्या मातीवर असतो. छावणी मात्र कागदोपत्री तात्पुरती असते. वास्तविक सहारावी निर्वासित 1975 पासून अल्जीरियातील तिंदूफजवळ राहत आहेत आणि जॉर्डनमधील झातारी छावणी 2012 पासून उभी आहे. अशा ठिकाणी बाग कितपत टिकेल हे बियाण्यापेक्षा यजमान देशाच्या कायद्यावर अधिक अवलंबून असते, आणि म्हणूनच युगांडाचे उदाहरण विशेष महत्त्वाचे आहे.

युगांडाच्या 2006 च्या निर्वासित कायद्याने आश्रितांना काम करण्याचा व देशात फिरण्याचा हक्क दिला असून वसाहतीत त्यांना राहण्यासाठी व कसण्यासाठी जमिनीचा तुकडा दिला जातो. मालकी मात्र मिळत नाही. दक्षिण सुदानमधील यादवी 2016 च्या जुलैत पुन्हा भडकल्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यूंबे जिल्ह्यात बिडीबिडी वसाहत उघडण्यात आली आणि काही महिन्यांतच तेथील लोकसंख्या दोन लाखांच्या वर गेली. कुटुंबाला मिळणारा तुकडा साधारण 30 मीटर लांब व तितकाच रुंद असल्याने त्यावर वर्षभराचे धान्य पिकणे शक्य नव्हते. पुढे 2020 च्या एप्रिलमध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने निधीअभावी देशातील निर्वासितांच्या शिध्यात 30 टक्के कपात केली, तेव्हा घरालगतचा वाफा ही हौस नसून गरज आहे हे उघड झाले.

उत्तर युगांडातील लामवो जिल्ह्यात 2017 मध्ये सुरू झालेल्या पालाबेक वसाहतीत ‘आफ्रिकन विमेन रायझिंग’ या संस्थेने ज्या ‘पर्मागार्डन’ पद्धतीचे शिक्षण दिले, ती या विचाराचे अत्यंत व्यवहार्य रूप आहे. पाऊस पडत असताना अंगणात पाणी कोठून येते आणि कोठून वाहून जाते हे आधी पाहिले जाते. मग उताराला आडवे चर खणून व त्यांच्या खालच्या अंगाला मातीचे बांध घालून ते पाणी अडवले आणि जिरवले जाते. महाराष्ट्रातील पाणलोटाच्या कामांत रूढ असलेल्या सलग समतल चरांचेच हे अंगणात मावणारे रूप म्हणता येईल. वाफ्याची माती खोलवर भुसभुशीत करून तीत शेणखत, चुलीतली राख, कोळशाची पूड आणि पालापाचोळा मिसळतात, म्हणजे विकत आणावे असे जवळजवळ काहीच लागत नाही. माठ, चवळीचा कोवळा पाला आणि भेंडी यांसारख्या भाज्या वाफ्यावर, तर पपईसारखी झाडे ओल धरणाऱ्या बांधावर लावली जातात. वाटपातल्या मका, कडधान्य आणि तेलाने पोट भरते, पण अ जीवनसत्त्व आणि लोह यांची उणीव राहते. ती उणीव काही अंशी भरून काढणे हे या पालेभाज्यांचे खरे मोल आहे.

जमीन नाकारली गेली तरी लोक पिकवण्याचा मार्ग शोधतात. बांगलादेशातील कुतुपालोंग येथे, म्यानमारमधून 2017 च्या ऑगस्टपासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या आल्यावर घरांसाठी व सरपणासाठी टेकड्या उघड्या पडल्या आणि पावसाळ्यात दरडी कोसळू लागल्या. पुढे स्वयंपाकाचा गॅस पुरवून उतारांवर वाळा, इतर गवते आणि झाडे लावण्यात आली. बांबू व ताडपत्रीच्या झोपड्यांच्या छपरांवर भोपळ्याचे वेल चढवण्याची रीत मात्र रोहिंग्यांची स्वतःची आहे. झातारीत शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि तेथील सीरियन शेतकऱ्यांनी टाकून दिलेल्या गाद्यांच्या फोममध्ये, मातीवाचून, रोपे वाढवली. तिंदूफच्या वाळवंटात मातीविना सातूचा हिरवा चारा उगवून शेळ्या पोसण्याचे प्रयोग झाले. असे उपाय पाण्याची बचत करतात, परंतु खते व साहित्य बाहेरून आणावे लागत असल्यामुळे त्यांना काटेकोर अर्थाने पर्माकल्चर म्हणता येत नाही.

शहरातील सामुदायिक बागेचे स्वरूप निराळे असते. जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे 1990 च्या दशकाच्या मध्यास बोस्नियातून आलेल्या स्त्रियांना मायदेशातील आपल्या बागांची उणीव सर्वाधिक जाणवत होती, आणि त्यातूनच तेथील आंतरराष्ट्रीय बागांचा उपक्रम उभा राहून पुढे त्या देशात अशा अनेक बागा निघाल्या. अमेरिकेत सॅन दिएगोच्या सिटी हाइट्स भागात इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीने सोमाली बांटू आणि इतर समाजांसोबत ‘न्यू रूट्स’ ही सामुदायिक शेती उभारली. अशा बागांत भाजीइतकेच महत्त्व शेजाऱ्यांशी जुळणाऱ्या ओळखीला आणि नव्या भाषेच्या सरावाला असते. आयुष्यभर शेती केलेल्या, परंतु नव्या देशात अडाणी ठरवल्या गेलेल्या वृद्धांना तेथे पुन्हा जाणत्याचा मान मिळतो, ही बाब कोणत्याही उत्पन्नाच्या आकड्यात मोजता येत नाही.

या कामाच्या मर्यादा गंभीर आहेत. पिण्याचे पाणीच मोजून मिळते तेथे बागेला घरातील सांडपाण्यावर भागवावे लागते, आणि मोरीचे साबणयुक्त पाणी नीट न गाळता सतत दिल्यास माती बिघडते. खणणे व पाणी घालणे यांचा भार बहुधा स्त्रियांवर पडतो, ज्या आधीच सरपणासाठी दूरवर जात असतात. देणगीदारांनी बागांचे यश दाखवून शिध्याची कपात समर्थनीय ठरवणे तर सर्वथा अन्यायाचे आहे, कारण 30 मीटरच्या तुकड्यातील वाफा धान्याची जागा घेऊ शकत नाही. झाडांच्या बाबतीत अडचण आणखी खोल असते: फळझाड लावले तर आपण परतणार नाही असे मान्य केल्यासारखे होईल, या भावनेने काही निर्वासित ते लावण्याचे टाळतात, आणि यजमान प्रशासनेही त्याच कारणाने झाडांकडे संशयाने पाहतात. युगांडाच्या पश्चिम नाईल भागातील वसाहतींची जमीन परंपरेने स्थानिक कुळांच्या सामाईक मालकीची असल्यामुळे तेथे झाड कोणी लावावे, सरपण कोणी तोडावे आणि फळ कोणाचे, हे प्रश्न यजमान गावांच्या वडीलधाऱ्यांसोबत बसून लागवडीपूर्वीच ठरवून घ्यावे लागतात.