सांदण दरी : मुक्कामी उतराईची वाहनव्यवस्था

सांदण (सांधण असेही लिहितात) ही सह्याद्रीच्या माथ्यावरून कोकणात उतरणारी अरुंद कातळघळ. साम्रद गाव, अकोले तालुका, अहिल्यानगर (2024 पूर्वी अहमदनगर) जिल्हा. भोवती रतनगड, आजोबा, अलंग-मदन-कुलंग व बाण सुळका. लांबी सुमारे दोन किमी. सांगितली जाते, चार सांगणारेही आहेत; घळ कोठे संपली मानायची त्यावर हा आकडा ठरतो. खोली दोनशे ते चारशे फूट. ‘आशियातील दुसऱ्या क्रमांकाची दरी’ हा सहल-पत्रकांतील दावा मोजणीविनाच फिरत आला आहे, तो येथे नोंदवून सोडून दिला आहे. दख्खनच्या बेसाल्टमधील भेगेच्या रेषेवर पाण्याने कातळ कापत नेऊन घळ झाली, असे सामान्यतः मानतात. परिसर 1986 मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असल्याने प्रवेश व मुक्कामाचे नियम वनखात्याचे. ते मोसमागणिक बदलतात, निघण्यापूर्वी गावात विचारून घ्यावेत.

वाहनाचा प्रश्न : दरी उतरताना तीन टप्पे दोराने उतरावे लागतात. पहिला टप्पा चाळीस-पंचेचाळीस फुटांचा, पुढचे दोन त्याहून लहान. दोर खाली ओढून घेतला की आल्या वाटेने परतणे संपले. म्हणजे गाडी साम्रदला, घाटमाथ्यावर, आणि माणूस खाली डेहणे गावाच्या बाजूला, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात. सरळ रेषेत हे अंतर थोडके, पण गाडीला शेंडी, घोटी, इगतपुरी, कसारा घाट, आसनगाव असा शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा पडतो. गाडी कोठे लावायची हे ठरले की पायवाट आपोआप ठरते. तरीही बहुतेक गट दोर व शिध्याच्या याद्या करतात आणि हा विचार खाली पोचल्यावर करतात.

रूढ तोड करोली घाटाची. गाडी साम्रदला ठेवायची, दरी उतरायची, पायथ्याशी पाण्याजवळ मुक्काम करायचा आणि सकाळी करोली घाटाने चढून पुन्हा साम्रद गाठायचे. चढण गटाच्या चालीप्रमाणे तीन-चार तासांची. दरीत दिवसभर मोठमोठ्या धोंड्यांवरून उड्या मारून गुडघे बोलू लागलेले असतात, त्यामुळे ती उन्हाआधी उरकावी. दुसरी तोड चालकाची : तो उतराई करत नाही, गटाला साम्रदला सोडून वळसा घेऊन डेहण्याला येतो. पैशाने महाग, पण दहा-बारा जणांत परवडते. त्याच्याशी वेळ आधी पक्की करावी, कारण दरीत मोबाइलला रेंज नसते आणि ‘पोचलो की फोन करतो’ हे येथे चालत नाही. तिसरी तोड गाडीच न नेण्याची : कसारा किंवा इगतपुरीपर्यंत रेल्वे, पुढे जीप; परतताना डेहण्याहून ठरवलेल्या जीपने आसनगाव, तेथून लोकल.

सिल्वासाहून (दादरा-नगर हवेली) येणाऱ्यांना : प्रचलित रस्ता खानवेल, जव्हार, खोडाळा, विहीगाव, कसारा घाट, घोटी, भंडारदऱ्याचे शेंडी व जलाशयाच्या कडेने उडदावणेमार्गे साम्रद. जव्हार-खोडाळा पट्टा वळणांचा आहे. रात्री निघून पहाटे पोचण्याचा बेत कागदावर छान दिसतो, पण त्यात चालक जागा आणि दोर धरणारा पेंगलेला अशी स्थिती होते. आदल्या दिवशी दुपारी निघून पहिला मुक्काम साम्रदलाच करणे बरे. डिझेल-पेट्रोल घोटीत भरून घ्यावे. भाड्याची गाडी असल्यास तिच्याकडे राज्याबाहेर जाण्याचा पर्यटक परवाना आहे ना, ते पाहावे. दादरा-नगर हवेलीची हद्द ओलांडली की हा प्रश्न येतोच. कपराडा-पेठ-नाशिक हाही रस्ता आहे. तो गुजरातेतून जातो आणि तेथे दारूबंदी आहे, हे डिकीत बाटली ठेवणाऱ्यांसाठी. अभयारण्यात तर ती नकोच. रेल्वेने जाणाऱ्यांनी वापीहून दादर गाठून मध्य रेल्वे धरावी.

साम्रदला गाडी लावणे : ठरीव वाहनतळापेक्षा घरांची अंगणे व भात काढलेली खाचरे यांवर बहुतेक काम चालते. ज्याच्या घरी जेवण किंवा वाटाड्या ठरवला त्याच्याच अंगणात गाडी लावावी. रात्रभर लक्ष ठेवणारे कोणी तरी असते आणि पैसे गावात राहतात. गाडीचे तोंड बाहेरच्या रस्त्याकडे ठेवावे, उतार असल्यास चाकामागे धोंडा लावावा. सुट्टीच्या दिवशी उशिरा आलेला दुसरा गट आपल्या गाडीच्या वाटेत त्याची गाडी लावतो आणि पहाटे दरीत उतरून जातो. म्हणून घरमालकाकडे प्रत्येक गाडीची एक किल्ली राहावी. दुसरी किल्ली खिशात न ठेवता प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून पाठपिशवीच्या तळाशी. कारण तोंडाशीच दोन पाणसाठे लागतात, पहिला घोट्या-गुडघ्याइतका, दुसरा कंबर ते छातीइतका. दिवाळीच्या सुमारास पाणी जास्त असते, उन्हाळ्यात उतरते. बटणाची इलेक्ट्रॉनिक किल्ली भिजली की गाडी शेजारी असूनही उघडत नाही.

तुलना : अमेरिकेच्या युटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानात ‘नॅरोज’ ही वाळवंटी घळ वरून खाली सुमारे 26 किमी. चालतात. मुक्कामाला परवाना लागतो, शौचाची घाण खास पिशवीत भरून बाहेर आणावी लागते, आणि वरच्या टोकाला सोडणारी खाजगी गाडी आधी ठरवतात; खालच्या टोकाला उद्यानाची बस मिळते. साम्रदला परवान्याचा कारभार सुटसुटीत आहे, पिशवीचा नियम मात्र आपणहून पाळण्याजोगा. खालचे पाणी डेहण्याकडच्या वस्त्याही वापरतात.

धोके : पावसाळ्यात दरी बंद. जून ते सप्टेंबरमध्ये वरून येणारा लोंढा घळीत कोंडतो व बाजूला सरकायला जागा नसते. अवकाळी पावसाचा अंदाज असल्यास नोव्हेंबर किंवा मेमध्येही उतरू नये. वरून दगड पडतात, म्हणून हेल्मेट. सूर्य तळाशी थोडा वेळच पोचतो. पहिल्या दोराला सकाळी दहापर्यंत हात लागला नाही तर अंधार धोंड्यांतच गाठतो.

वनस्पती : पानझडी जंगल, कारवी.

लोक : महादेव कोळी वस्ती. वाटाडे, तंबू, पिठलं-भाकरी व जीप यांतून मोसमी उत्पन्न.