छात्रालयातले रोजचे पान

‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून झाले, ही हकीकत आपण सगळ्यांनीच शाळेत ऐकली आहे. साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लेखन सुरू झाले आणि १३ तारखेला संपलेसुद्धा! मराठीच्या तासाला हे ऐकून आपला वर्ग चाट पडला होता. पण आधीची काही वर्षे पाहिल्याशिवाय ते पाच दिवस कळत नाहीत, असे मला आता वाटते.

१९२४ मध्ये गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आले. मुले बाहेर गेली की हे त्यांच्या खोल्या झाडत, विस्कटलेली अंथरुणे आणि कपडे घडी करून ठेवत. त्यावर व्याख्यान मात्र देत नसत. मुलांनाच लाज वाटू लागली आणि ती आपापले आवरू लागली. वसतिगृहात राहिलेल्या आपल्यातल्या मंडळींना यातले अवघडपण वेगळे सांगायला नको!

याच छात्रालयात त्यांनी हाताने लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ चालवले. शाळेचे तास सांभाळून रोज लिहायचे, आणि तेही कोणासाठी, तर रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या मूठभर मुलांसाठी. मला यात महत्त्वाचा वाटतो तो वाचकच. पान कंटाळवाणे झाले, तर ते वाचकाच्या चेहऱ्यावर लगेच दिसणार. गुरुजींची साधी, बोलकी भाषा इथेच घडली असावी. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली.

१९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार विनोबा गीतेवर बोलले, दर रविवारी एक अध्याय. ती प्रवचने गुरुजींनी ऐकता ऐकता लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहेत. हाताला रोजची सवय नसती, तर हे झाले असते का? मग वर्षभराने नाशिक. पुस्तकाची मांडणीही पाहा: प्रकरणांऐवजी बेचाळीस रात्री, रोज एक गोष्ट. आणि विषय तरी कोणते? पोहायला शिकणे, तळव्यांना माती लागू नये म्हणून आईने लुगड्याचे ओचे पसरणे. सगळे घरातलेच.

आपल्या शाळेच्या वार्षिक हस्तलिखिताने कोणी साने गुरुजी घडवला नाही, हे खरे. पण नोकरीत तीस वर्षे माझे मराठी व्हाउचरांपुरते उरले होते. निवृत्तीनंतर नातवासाठी रोज एक पान लिहू लागलो, तेव्हा हाताला जी ओळख पटली ती त्या हस्तलिखिताचीच होती. नातू आठ वर्षांचा आहे. आवडले नाही की सरळ “आजोबा, आजचं बोअर आहे” म्हणतो, आणि मी दुसऱ्या दिवशीचे पान जरा जपून लिहितो.

त्या हस्तलिखितांचे गठ्ठे ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात आहेत. काहींना वाळवी लागली आहे. मेळाव्याला येणाऱ्या ज्या कोणाकडे स्कॅनर असेल, त्याने दुपारच्या जेवणानंतर मला जरूर भेटावे.