छप्पन्नाव्या गीताचे मूळ

थोर कृतीचे मूळ प्रतिभेच्या एखाद्या एकांत क्षणात असते, असे मी वर्षानुवर्षे वर्गात मुलांना सांगत आलो. माझी स्वतःची कादंबरी मात्र चार वर्षे त्याच क्षणाची वाट पाहत पडून होती. तेव्हा 'गीतरामायणा'चा तो क्षण कोणता, हे शोधावे म्हणून मी सुट्टीच्या दिवशी मानपाड्याहून ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसू लागलो. सुधीर फडके यांचे दप्तर माझ्यासारख्या मास्तरापुढे कोण उघडणार? जे छापून आले आहे, तेच माझे दप्तर.

त्यात प्रथम भेटली ती एक कचेरी. पुणे आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाली. तेथील सीताकांत लाड हे ग. दि. माडगूळकरांचे स्नेही. त्यांनी मागणी केली, माडगूळकरांनी शब्द दिला आणि चालींचे काम फडक्यांकडे आले. कवी आणि संगीतकार दोघेही १९१९ सालचे. रामनवमीला, शुक्रवार १ एप्रिल १९५५ रोजी, पहिले गीत लोकांनी ऐकले. त्या गीताचा मूळ कागद आयत्या वेळी हरवला आणि माडगूळकरांनी ते रागारागात पुन्हा लिहून दिले, असे सांगतात. म्हणजे ज्या कागदाच्या शोधात मी निघालो होतो, तो गीत लोकांच्या कानी पडण्यापूर्वीच नाहीसा झालेला!

एक कोडे उरले. आठवड्याला एक, म्हणजे वर्षाची गीते ५२. मग ती ५६ कशी झाली? उत्तर पंचांगात मिळाले. शके १८७७ मध्ये भाद्रपद अधिक होता, म्हणून पुढची रामनवमी लांबली. मी बोटांवर मोजले. ५२वा शुक्रवार २३ मार्च १९५६चा आणि रामनवमी १९ एप्रिलची. मध्ये तीन शुक्रवार, आणि चौथे गीत खुद्द रामनवमीचे. शेवटची चार गीते अधिक मासाने लिहवून घेतली म्हणायची.

यामुळे त्या दोघांची थोरवी उणी होते, असे मला वाटत नाही. शुक्रवार सर्वांच्याच दारी येतो. त्याच्या ओंजळीत काय घालायचे, हे ज्याचे त्याचे. वर्षभर एकाही शुक्रवारी त्यांनी त्याला रिकाम्या हाती परत पाठवले नाही.

त्या रात्री मी कादंबरीची वही काढली आणि पहिल्या कोऱ्या पानावर पुढच्या शुक्रवारची तारीख घातली.