रायफलीच्या नळीतील पीळ

रायफलीच्या नळीतील पीळ : बंदुकीच्या नळीच्या आतील पृष्ठभागावर मळसूत्राप्रमाणे वळत जाणाऱ्या ज्या खाचा पाडलेल्या असतात, त्यांना आटे म्हणतात. आटे असलेली बंदूक ती रायफल. नळीच्या जेवढ्या लांबीत हे आटे एक पूर्ण फेरा घेतात, त्या लांबीवरून पिळाचे मान सांगण्याची रीत आहे. ही लांबी कमी असेल, तर पीळ तीव्र व जास्त असेल, तर मंद समजतात. आट्यांमध्ये रुतून पुढे सरकणाऱ्या गोळीस स्वतःच्या आसाभोवती परिवलन प्राप्त होते व भोवरा फिरत असेतो ज्या कारणाने आरीवर उभा राहतो, त्याच कारणाने गोळीचे टोक हवेत पुढच्या दिशेस राहते.

लांबट गोळीवर हवेचा दाब तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे केंद्रित होतो आणि तो गोळीस उलटी करू पाहतो. गोळी जितकी लांब, तितका हा उलटविणारा परिणाम मोठा व त्यास आवर घालण्यासाठी लागणारे परिवलनही जास्त. म्हणून पिळाची निवड मुख्यतः गोळीच्या लांबीवर अवलंबून असते. जड गोळीला तीव्र पीळ लागतो, असे शिकारी व सैनिक पूर्वापार म्हणत आले आहेत. एकाच व्यासाची शिशाची गोळी जड करावयाची म्हणजे ती लांब करावी लागते, एवढ्यापुरते ते खरे आहे. परंतु वजन व लांबी यांची फारकत झाली, की हा समज फसवा ठरतो. लहान व्यासाच्या रायफलींचा इतिहास म्हणजे बहुतांशी गोळी लांबत जाण्याचा व तिच्यामागून पीळ तीव्र होत जाण्याचा इतिहास होय.

गोल गोळीचा काळ : मराठ्यांच्या सैन्यातील तोडेदार बंदुकांच्या नळ्या सर्वसाधारणपणे गुळगुळीत असत. पानिपतच्या लढाईत (१७६१) इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींजवळ असलेल्या चकमकीच्या बंदुकाही तशाच होत्या. गोळी शिशाची व वाटोळी असे आणि ठासताना अडू नये म्हणून नळीपेक्षा थोडी लहान ठेवीत. अशी गोळी नळीत आदळत बाहेर पडे, त्यामुळे शंभर पावलांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात अर्थ नसे. यूरोपात आटेदार नळ्या त्यापूर्वीच माहीत होत्या, परंतु त्या ठासण्यास वेळ लागत असल्याने लष्करात त्यांचा वापर मर्यादित राहिला. ब्रिटिश सैन्याने १८०० मध्ये स्वीकारलेल्या बेकर रायफलीच्या ७६ सेंमी. लांबीच्या नळीत आटे केवळ पाव फेरा घेत. गोल गोळीला उलटण्यासारखे टोकच नसल्याने एवढा मंद पीळ तिला पुरेसा होता.

लांबट गोळी व १८५७ : फ्रेंच अधिकारी मिन्ये याने १८४९ मध्ये बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी प्रचारात आणली. ती सहज ठासता येई आणि बार उडताच बूड फुगून आट्यांत बसे. याच तत्त्वावर १८५३ ची एन्फिल्ड रायफल तयार झाली. तिच्या नळीचा व्यास १४·७ मिमी., आटे तीन व पीळ सु. १९८ सेंमी.स एक फेरा असा होता. म्हणजे ९९ सेंमी. लांबीच्या नळीत गोळी अर्धाच फेरा घेई. गोळी नळीत सुलभ उतरावी म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावीत. १८५७ च्या प्रारंभी डमडम, अंबाला व सियालकोट येथे या रायफलीचे शिक्षण सुरू झाले तेव्हा या वंगणावरून जो क्षोभ उसळला, तो सर्वश्रुत आहे. त्या काडतुसाचे मूळ आटेदार नळीच्या एका यांत्रिक अडचणीत होते, याकडे मात्र इतिहासलेखकांचे क्वचितच लक्ष गेले आहे.

उठावानंतर सरकारने देशी पलटणींसाठी एन्फिल्डसारखीच दिसणारी, पण आटे नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक काढली. पुढेही देशी शिपायास गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुनी बंदूक देण्याचा प्रघात बराच काळ टिकला. नळीत आटे असावेत की नसावेत, हा प्रश्न येथे प्रक्षेपणशास्त्राचा न राहता विश्वासाचा झाला होता.

याच सुमारास मुंबई इलाख्याच्या फौजेतील एक तोफखान्याचा अधिकारी पिळाचा विचार अधिक नीट करीत होता. जॉन जेकब (१८१२–५८) याने तेव्हा मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या सिंधमध्ये, जेकबाबाद येथे, स्वखर्चाने दीर्घकाळ प्रयोग केले. त्याच्या दुनळी रायफलीस चार खोल आटे असून ६१ सेंमी.च्या नळीत ते चार पंचमांश फेरा घेत. म्हणजे पीळ सु. ७६ सेंमी.स एक फेरा होता व एन्फिल्डच्या मानाने तो अडीच पटींहून तीव्र होता. जेकबची गोळी लांब व टोकदार होती, म्हणून त्याला हे करावे लागले. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने १८५० नंतरच्या दशकात आणखी पुढे जाऊन ११·५ मिमी. व्यासाची षट्‌कोनी नळी तयार केली व तिला ५१ सेंमी.स एक फेरा एवढा पीळ दिला. तिची गोळी वजनाने एन्फिल्डच्या गोळीएवढीच, पण बारीक व लांब होती. दूरच्या पल्ल्यावर तिने एन्फिल्डला सहज मागे टाकले. तरीही नळीत लवकर साचणारी काजळी व भारी किंमत या कारणांनी सैन्याने ती नाकारली. निवडीच्या प्रश्नात अचूकता हा एकच निकष नसतो, याचे हे जुने उदाहरण होय.

ग्रीनहिल यांचा नियम : वुलिच येथील गणिताचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये पिळाचा हिशोब सोप्या रूपात मांडला. गोळीच्या व्यासाचा वर्ग करून त्यास १५० ने गुणावे व गोळीच्या लांबीने भागावे, म्हणजे एका फेऱ्यासाठी लागणारी नळीची लांबी मिळते. गोळीचा वेग फार असल्यास १५० ऐवजी १८० हा अंक घेतात. या नियमात वजन कोठेच नाही. गोळी शिशाच्या घनतेची आहे, असे त्यात गृहीत धरले आहे व आधुनिक गोळ्यांना तो ढोबळच लागू पडतो. तथापि पहिला अंदाज बांधण्यास तो अद्याप उपयोगी आहे.

या नियमाचा पडताळा आपल्याकडे ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रायफलीत मिळतो. तिच्या पहिल्या आवृत्तीत विल्यम मेटफर्ड याने योजिलेले सात उथळ व गोलसर आटे होते. ते काळ्या दारूसाठी उत्तम होते, परंतु कॉर्डाइटच्या प्रखर ज्वालेने लवकर झिजू लागले. म्हणून १८९५ मध्ये पाच चौकोनी आट्यांची एन्फिल्ड पद्धत आली. पीळ मात्र २५४ मिमी.स एक फेरा, डावीकडे वळणारा, तसाच राहिला. १९१० मध्ये १३·९ ग्रॅ. वजनाच्या बोथट गोळीऐवजी ११·३ ग्रॅ. वजनाची अणकुचीदार गोळी आली. नवी गोळी सु. एक पंचमांशाने हलकी होती, पण तिच्या टोकात ॲल्युमिनियम भरल्याने लांबी जवळजवळ तेवढीच राहिली व जुना पीळ तिला चालला. पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात (स्थापना १८६९) ०·३०३ इंची काडतुसे तयार होत. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, तेव्हाही पोलिसांच्या हाती याच जातीच्या रायफली होत्या.

लहान व्यासाच्या रायफली : आजच्या ५·५६ मिमी. रायफलीचा उगम युद्धात नसून शेतात आहे. अमेरिकेतील कुरणांत बिळे करून राहणाऱ्या व पिकांना उपद्रव देणाऱ्या कृंतक प्राण्यांना दुरून टिपण्यासाठी तेथे लहान व्यासाच्या, अतिवेगवान गोळीच्या रायफली वापरीत. त्यांपैकी ०·२२२ रेमिंग्टन हे काडतूस १९५० मध्ये निघाले. त्याची गोळी ३·२ ग्रॅ. वजनाची व आखूड असल्याने ३५६ मिमी.स एक फेरा हा पीळ पुरत असे. शिवाय या गोळ्यांचे तांब्याचे कवच मुद्दाम पातळ ठेवीत. तीव्र पिळाच्या नळीतून ती अतिवेगाने झाडल्यास केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे वाटेतच फुटण्याचा संभव असतो. म्हणजे अशा रायफलीत मंद पीळ ही उणीव नसून योग्य निवड होती.

या काडतुसापासून लष्करी काडतूस सिद्ध झाले आणि गोळी ३·५६ ग्रॅ. वजनाची व सु. १९ मिमी. लांबीची झाली. पीळ सुरुवातीस जुनाच ठेवला होता. अतिशीत हवेतील चाचण्यांत गोळ्या डगमगू लागल्या, कारण थंड हवा दाट असते व गोळीस अधिक जोराने उलटविते. तेव्हा १९६३ मध्ये पीळ ३०५ मिमी.स एक फेरा असा वाढविण्यात आला. ग्रीनहिल यांच्या नियमाने येणारा आकडा सु. ३०७ मिमी. आहे. उत्तर अटलांटिक करार संघटनेने १९८० मध्ये बेल्जियन बनावटीची ४ ग्रॅ. गोळी प्रमाण मानली. वजन थोडेच वाढले, पण टोकाशी पोलादी खिळी बसविल्याने लांबी २३ मिमी. झाली. जुन्या नळीतून ती अस्थिर होऊन लक्ष्यावर आडवी आदळे. नियमाने तिला सु. २५३ मिमी. पीळ पुरतो. परंतु तिच्या जोडीची, मागे ज्वलनशील द्रव्य भरलेली प्रकाशरेखी गोळी सु. २९ मिमी. लांब असल्याने तिला सु. २०० मिमी. लागतो. अमेरिकेने या सर्वांत लांब गोळीकडे पाहून १७८ मिमी. पीळ घेतला. तेथे गोळी नळीबाहेर पडताना सेकंदाला सु. ५,३०० फेरे घेते, जुन्या ३०५ मिमी. पिळात ती सु. ३,२०० घेई.

भारताने हा प्रश्न हाताळला तो पुण्यात. येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेने (स्थापना १९५८, पाषाण) १९८० नंतरच्या दशकात ५·५६ मिमी. व्यासाची इन्सास रायफल विकसित केली. काडतूस बेल्जियन गोळीच्या धर्तीवर घेतल्याने साठच्या दशकातील मंद पीळ विचारात घेण्याचे कारणच उरले नव्हते. नळीस सहा आटे असून आतून क्रोमचा मुलामा दिलेला आहे. त्यामुळे झीज व दमट हवेतील गंज या दोहोंस आळा बसतो. काडतुसांच्या उत्पादनात जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्याचा (स्थापना १९६४) वाटा मोठा आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात ही रायफल वापरली गेली. तेव्हा ज्या तक्रारी झाल्या, त्या मुख्यतः थंडीत तडे जाणारा प्लॅस्टिकचा काडतूसकोश व चालण्यातील अडथळे यांविषयी होत्या. पाच हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सु. साठ टक्केच असते. त्यामुळे तेथे गोळी उलट अधिक स्थिर राहते. पिळाची खरी कसोटी समुद्रसपाटीच्या, कडाक्याच्या थंडीतील दाट हवेत लागते व निवड नेहमी त्या परिस्थितीसाठी करावी लागते.

निवडीतील इतर गोष्टी : पीळ कमी पडल्यास गोळी उलटते. किंचित जास्त झाल्यास होणारे नुकसान त्या मानाने सौम्य असते. मात्र गोळीचा गुरुत्वमध्य आसापासून केसभर जरी ढळलेला असेल, तरी ती चूक जास्त परिवलनाने वाढते. म्हणून स्पर्धेतील नेमबाज पुरेसा व त्याहून थोडाच अधिक पीळ पसंत करतात. आटे चार असावेत की सहा, यावर पुष्कळ वाद घातला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा वाद त्याच्या योग्यतेपेक्षा फार लांबला आहे. नळीचा व्यास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा असणे व पीळ मध्येच सैल न पडणे, यांचे महत्त्व आट्यांच्या संख्येहून पुष्कळ अधिक आहे. आटे एकेका कातणीने कापून पाडतात, कठीण धातूची गुंडी नळीतून ओढून दाबतात किंवा नळी उलट्या आट्यांच्या दांड्यावर बाहेरून ठोकून उठवितात. शेवटची रीत मोठ्या उत्पादनास सोयीची आहे.

०·२२ इंची क्रीडा रायफलीत ४०६ मिमी.स एक फेरा हा पीळ फार पूर्वीपासून रूढ आहे. तिची २·६ ग्रॅ.ची शिशाची गोळी सु. १२ मिमी. लांब असते व नियमाने आकडा जवळजवळ तेवढाच येतो. गोळी बदलली नाही, म्हणून पीळही बदलला नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले व त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकाविले. हे दोन्ही प्रकार याच व्यासाच्या रायफलीचे आहेत.

उपद्रवी प्राण्यांसाठी लहान व्यासाची रायफल ही कल्पना मात्र आपल्याकडे रुजली नाही. रानडुकरे व माकडे यांपासून भात, नाचणी व नारळ राखणाऱ्या कोकणातील शेतकऱ्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक असते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्याच बंदुकीचा उल्लेख आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार रानडुकरावर ती चालविण्यासही सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. अशा बंदुकीची नळी सामान्यतः गुळगुळीत असते. तीतून छर्रे किंवा गोल गोळी तीस-चाळीस पावलांवर झाडली जाते व तेथे पिळाचा प्रश्न उद्‌भवत नाही.