मूक चित्रपटांतील सैतान : १८९६ ते १९२२

चित्रपटाचा जन्म होऊन वर्ष उलटते न उलटते तोच पडद्यावर सैतान अवतरला. १८९६ साली जॉर्ज मेलियेस या फ्रेंच जादूगाराने ‘सैतानाची गढी’ हा सुमारे तीन मिनिटांचा चित्रपट निर्माण केला. गढीत एक वटवाघूळ शिरते, त्याचा सैतान होतो, तो कढईतून एक स्त्री निर्माण करतो आणि अखेरीस क्रूस समोर येताच अदृश्य होतो.

मेलियेस १८८८ पासून पॅरिसमधील रोबेर-उदँ या जादूच्या प्रयोगांच्या नाट्यगृहाचा मालक होता. रंगमंचावर जे चोरदरवाजाने साधावे लागे, ते कॅमेरा क्षणभर थांबवून व पात्र बदलून त्याने साधले. अशा युक्तीला सैतानाचे पात्र विशेष सोयीचे होते. कारण त्याच्या प्रकट होण्याला वा लुप्त होण्याला कोणी कारण विचारीत नाही. मेलियेसने अनेक चित्रपटांत ही भूमिका स्वतःच केली. त्याचा सैतान धर्माचा शत्रू कमी आणि जादूगाराचा प्रतिनिधी अधिक होता.

पुढे हे रूप पालटत गेले. दान्तेच्या काव्यावरील इटालियन ‘इन्फेर्नो’ने (१९११) गुस्ताव्ह दोरेच्या चित्रांच्या आधारे तीन मुखांचा प्रचंड ल्युसिफर दाखविला. जर्मन ‘प्रागचा विद्यार्थी’मध्ये (१९१३) सैतानसदृश स्कापिनेल्ली धनाच्या मोबदल्यात एका निर्धन विद्यार्थ्याचे आरशातील प्रतिबिंबच घेऊन जातो. येथे छायाचित्रणाची करामत केवळ कौतुकाचा विषय राहिली नाही. माणसाचे दुभंगलेपण दाखविण्याचे ते साधन झाले.

तथापि सर्वांत मूलगामी परिवर्तन घडले ते डॅनिश दिग्दर्शक बेन्यामिन क्रिस्तेन्सेन याच्या ‘हेक्सन’ (१९२२) या स्वीडिश चित्रपटात. त्यात मारिया नावाच्या वृद्ध, दरिद्री स्त्रीवर चेटकीपणाचा आरोप येतो. धर्मन्यायाधीश तिचा छळ करवितात आणि ती ‘कबुली’ देते : आपल्याला सैतानापासून मुले झाली, चेटकिणींच्या मेळाव्यात आपण सामील झालो. हा मेळावा प्रेक्षकाला तपशीलवार दिसतो. पण तो दिसतो यातनांनी वदवून घेतलेल्या जबाबाच्या रूपाने. पुढे मारिया आपल्यावर आरोप करणाऱ्या घरातील स्त्रियांचीच नावे घेते, आणि मग त्या घरावरही तोच प्रसंग ओढवतो.

मेलियेसची युक्ती येथेही आहेच. सैतानही दिग्दर्शकाने स्वतःच रंगविला आहे. परंतु त्या युक्तीचा अर्थ उलटा झाला आहे. पूर्वी ती नसलेले आहे असे भासवून मनोरंजन करी. आता न्यायासनासमोर नसलेले कसे खरे ठरविले जाते, हे ती उघड करते. सैतान रानात वा गढीत नाही. तो चौकशीच्या खोलीत घडविला जातो.

चित्रपटाच्या शेवटी क्रिस्तेन्सेनने चेटकिणींची तुलना ‘हिस्टेरिया’ने पीडित आधुनिक स्त्रियांशी केली. आजचे वैद्यक हिस्टेरिया ही स्वतंत्र व्याधी मानीत नाही. त्यामुळे त्याचे निदान आज टिकत नाही. एका नावाने स्त्रियांना जाळले, तर दुसऱ्या नावाने त्यांना रुग्णालयात नेले, आणि दोन्ही वेळा नाव देणारे दुसरेच होते. त्या निदानापेक्षा मारियाच्या चौकशीचे दृश्यच अधिक टिकाऊ ठरले आहे, कारण सैतानाचे अस्तित्व सिद्ध करण्याची पद्धतीच त्यात नोंदली गेली आहे.