मेंदू घडविणारा अडसर

१९२१ सालचा वसंत. जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हिल्डे प्रोशोल्ट ही बावीस वर्षांची विद्यार्थिनी न्यूटची अंडी घेऊन बसली होती. न्यूट हा शेपटी असलेला, बेडकाच्या नात्यातला उभयचर प्राणी. त्याचा गर्भ आरंभी मोहरीएवढा असतो. हत्यारे म्हणजे काचेची सुई आणि तान्ह्या मुलाच्या केसाचा फास.

गुरू हान्स श्पेमान यांनी दिलेले काम असे : फिकट जातीच्या गर्भात पेशी जिथून आत वळू लागतात, तेथील वरच्या काठाचा कण काढावा आणि तो गडद जातीच्या गर्भाच्या पोटाकडे बसवावा. बहुतेक गर्भ दगावत. परंतु जे जगले त्यांच्या पोटाशी दुसरा मज्जारज्जू उमटला. एखाद्यात तर जवळजवळ पुरे जुळे भावंडच. आणि नवल हे, की तो मज्जारज्जू बहुतांशी गडद पेशींचा होता. पाहुण्याने यजमानाच्याच मातीतून घर उभारले होते!

हा निबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात अवघ्या सहा गर्भांचे वर्णन आहे. विवाहानंतर हिल्डे मांगोल्ड झालेली ही संशोधिका त्याच वर्षी सप्टेंबरात स्वयंपाकघरातील भडक्यात भाजून निवर्तली. मागे लहान मुलगा राहिला. १९३५ चे नोबेल पारितोषिक एकट्या श्पेमान यांना मिळाले. प्रबंध तिचा आणि निबंधावर पहिले नाव गुरूचे, हे मनाला बोचल्याखेरीज राहत नाही.

पेशींना ‘मेंदू व्हा’ अशी आज्ञा देणारा पदार्थ कोणता? १९३२ साली दिसले, की मृत केलेला कणही तेच काम करतो. पुढे मेथिलीन ब्लूसारख्या साध्या रंगानेही तसा परिणाम घडला. संशोधक गोंधळले, आणि गोंधळ साठ वर्षे पुरला.

अखेर बेडकाच्या गर्भात जनुके सापडली : १९९२ साली बर्कली येथे स्मिथ व हारलंड यांना ‘नॉगिन’, १९९४ साली लॉस एंजेलिस येथे सासाइ व डी रॉबर्टिस यांच्या गटाला ‘कॉर्डिन’. मग उलगडले ते उलटेच. आज्ञा मेंदू होण्याची नव्हतीच. ‘त्वचा व्हा’ असा निरोप बीएमपी नावाचे प्रथिन पेशींना सतत देत असते. या जनुकांपासून बनणारी प्रथिने त्याला वाटेतच धरून ठेवतात. निरोप पोहोचला नाही, की पेशी आपणहून मज्जेच्या वाटेला लागतात.

२००० साली उंदरांवर याची परीक्षा झाली. दोहोंपैकी एकच जनुक काढले, तर अग्रमेंदू तयार होतो. दोन्ही काढली, तर होत नाही. हीच दोन जनुके माणसातही आहेत.