आम्लपित्तावरील औषधे आणि १९७० चा पेटंट कायदा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बळावलेल्या जठरव्रणावर शस्त्रक्रिया हाच प्रमुख इलाज होता. जेलुसिलसारखी आम्लनाशके जठरात स्रवलेले आम्ल केवळ उदासीन करीत. मूळ स्राव चालूच राही. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या सिमेटिडीनने हे चित्र पालटले. हिस्टामिन हे द्रव्य जठरपेशींना आम्ल स्रवण्याचा संदेश देते. सिमेटिडीन पेशींवरील त्याची जागा अडवते. १९८१ मध्ये ग्लॅक्सोचे रॅनिटिडीन आले.

मात्र चेंबूर-ट्रॉम्बे परिसरातील पाळीच्या कामगाराला ही गोळी परवडली, याचे श्रेय केवळ प्रयोगशाळेला देता येत नाही. २० एप्रिल १९७२ पासून अमलात आलेल्या १९७० च्या कायद्याने औषधाच्या रेणूवरील पेटंट नाकारले; संरक्षण उरले ते निर्मितीप्रक्रियेला. परिणामी परदेशात मूळ पेटंट जिवंत असतानाच मुंबईच्या जे. बी. केमिकल्सची 'रॅनटॅक' येथे विकली जाऊ लागली. याला नक्कल म्हणणे सोपे आहे; पण पर्यायी प्रक्रिया बसवणे हेही रसायनशास्त्रच होते. पुढे आम्लाचा 'पंप'च बंद करणाऱ्या ओमेप्राझोललाही येथे हीच वाट मोकळी होती.

१ जानेवारी २००५ पासून रेणूवरील पेटंट परतले. योगायोग असा, की बहुतेक जठरव्रणांमागील जिवाणू दाखवून देणाऱ्या मार्शल व वॉरन यांना त्याच वर्षी नोबेल मिळाले. रॅनिटिडीनमध्ये २०१९ मध्ये एनडीएमए ही संभाव्य कर्करोगकारक अशुद्धी आढळली. २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळण्यात आले.